माशांचे मोजे

शेळगावात झुंबररावांच्या बंगल्यावरून जाणारी बाई तारेवर वाळत घातलेल्या त्या पांढऱ्या पिशव्या बघून एकदा तरी थांबायचीच. वीतभर रुंद, हातभर लांब, तळाला शिवलेल्या आणि तोंडाला प्लॅस्टिकचं कडं. चहा गाळायच्या म्हणाव्यात तर फार मोठ्या, दही टांगायच्या म्हणाव्यात तर फार जाड.

"कसल्या गं ह्या, सिंधुबाई?"

"माशांचं मोजं."

"थंडी वाजती व्हय तुमच्या माशांला?"

आणि दोघी हसायच्या. हसण्यासारखंच होतं ते. पण पुढे पुढे सिंधुबाईला कुणी मोज्यांचं विचारलं की ती ऐकू न आल्यासारखं करून आत निघून जाऊ लागली.

गोकुळ हा झुंबरराव आणि सिंधुबाईचा एकुलता एक मुलगा. बारामतीच्या एमआयडीसीत इंजिनिअर. नवा बंगला बांधताना त्याने दिवाणखान्याची एक अख्खी भिंत माशांच्या टाकीसाठी राखून ठेवली. त्यापायी देवघर जिन्याखाली गेलं. टाकी साधी नव्हे, खाऱ्या पाण्याची, समुद्राची. बारामतीत इरफानचं माशांचं दुकान आहे, त्याने ती बसवून दिली. शुद्ध केलेल्या पाण्यात पोत्यातलं समुद्री मीठ कालवून समुद्र तयार करायचा आणि त्यात दगडांवर जिवंत प्रवाळ लावायचे. एक जांभळा, एक पोपटी, आणि एक असा की त्याचे हात गवतासारखे लांब, पाण्याबरोबर डुलणारे, प्रत्येक हाताच्या टोकाला पिवळा ठिपका. सिंधुबाई त्यांना फुलंच म्हणायची.

इरफान म्हणायचा, "काकू, फुलं नाहीत ही. जनावरं आहेत. गोठ्यातल्यासारखीच. भूक लागते, आजारी पडतात, फक्त हंबरत नाहीत."

झुंबररावांचा निम्मा जीव डाळिंबाच्या बागेत आणि उरलेला ही टाकी लोकांना दाखवण्यात. इंदापूरचा कुणी आला की त्याला आधी टाकीसमोर उभं करायचे.

"उजनीतलं हायेत का हो हे, झुंबरराव?"

"उजनीचं काय घेऊन बसला! समुद्र हाय ह्यो. शेळगावात आणलाय."

"कालवण कसं लागतं ह्याचं?"

"तुला मीठ घालायला नको, एवढंच."

टाकीखाली कपाट होतं आणि कपाटात दुसरी लहान टाकी. वरचं पाणी नळीतून खाली उतरायचं ते आधी या मोज्यात पडायचं. माशांची घाण, उरलेलं खाणं, सगळं मोज्यात अडकायचं आणि गाळलेलं पाणी पंप पुन्हा वर चढवायचा. त्यामुळे पाणी इतकं नितळ की मासे हवेत टांगल्यासारखे दिसायचे. अट एकच. दोन-तीन दिवसांनी मोजा काढून धुतला पाहिजे. नाही धुतला तर तो लिबलिबीत होऊन तुंबतो आणि अडवलेली घाण तिथंच कुजून परत पाण्यात उतरते.

धुणार कोण, हे त्या घरात कुणी विचारलं नाही. धुणं ते धुणं. ते सुप्रियाकडे गेलं.

सुप्रिया म्हणजे गोकुळची बायको, सणसरची. मायक्रोबायॉलॉजी घेऊन बीएस्सी झालेली. मोजा उलटा करायचा, गोठ्यातल्या पाइपने जोराचं पाणी मारायचं, साबण-सोडा काहीही लावायचं नाही, शेवटी शुद्ध पाण्यातून काढायचा आणि उन्हात टाकायचा. वास असा सुटायचा की दारात बोंबलाची गाडी उभी राहावी. हात तीनतीनदा धुऊनही भाकरी थापताना तो वास तिच्या नाकात चढायचा आणि ती तोंड बाजूला करायची.

मोजे असावेत का नसावेत, यावर मात्र जेवताना मोठी चर्चा चालायची. गोकुळच्या मोबाइलवर असल्या टाक्या पाळणाऱ्यांचा एक गट होता आणि त्यात या एका गोष्टीवरून माणसं एकमेकांचं तोंड बघायची बंद झाली होती. एक बाजू म्हणे मोज्याशिवाय टाकी म्हणजे गटार. दुसरी म्हणे मोजा म्हणजे कपाटात लपवलेला उकिरडा.

झुंबररावांना या वादात शंकाच नव्हती. "माझं सगळं डाळिंब ठिबकवर हाय. वाळूचा फिल्टर, त्याच्या म्होरं जाळीचा फिल्टर. फिल्टर काढला की तोट्या बुजल्याच. पाणी म्हटलं की फिल्टर पायजे. ह्यात इचार काय करायचा?"

"मामा," सुप्रिया वाढता वाढता म्हणाली, "ठिबकचं पाणी झाडाला जातं. इथं पाण्यातच जीव राहतात. पाण्यात तरंगणारं बारीकसारीक खाऊन प्रवाळ जगतात. मोजा तेही काढून घेतो."

"मंग घाण ऱ्हाऊ द्यायची म्हणतीस?"

"थोडी राहिली तर राहू द्यावी."

"ऐकलं का रं गोकुळ! धुयाचा कटाळा आला म्हणून मोजंच नको!"

गोकुळ हसला. सिंधुबाईही हसली. सुप्रियाने आमटीचं पातेलं उचललं आणि आत नेलं.

गुढीपाडव्याच्या आसपास इंदापूरच्या एका खासगी डेअरीतून सुप्रियाला बोलावणं आलं. दूध तपासायच्या प्रयोगशाळेत जागा होती. लग्नाआधी तिने ज्या कामाचं शिक्षण घेतलं होतं तेच काम. त्या दिवशी ती कुणाशी फार बोलली नाही, पण तिच्या हातून पोळ्या भराभर लाटल्या जात होत्या, आणि एकीचाही काठ फाटला नाही, हे सिंधुबाईने पाहिलं.

सिंधुबाईला ते कळायचं कारण होतं. ती नवी नवरी असताना गावाने तिला अंगणवाडीत मदतनीस म्हणून बोलावलं होतं. तिच्या सासूने सांगितलं, दुसऱ्याची पोरं राखण्यापेक्षा आपल्या म्हशी राख. मग तिने म्हशी राखल्या. त्याबद्दल ती कधी कुणाशी बोलली नाही, पण अंगणवाडीवरून जाताना अजूनही रस्त्याची पलीकडची कड धरायची.

जेवणावर विषय निघाला तेव्हा झुंबरराव उदार झाले. "कर की नोकरी. मी काय जुन्या वळणाचा हाय का? फकस्त घराचं काय अडलं न्हाय पायजे."

"आणि टाकीचं?" गोकुळने विचारलं.

"मोजे काढून टाकू," सुप्रिया म्हणाली. "इरफानभाऊंना विचारा हवं तर."

गोकुळने तिथल्या तिथे इरफानला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडून दुकानातल्या पंपांचा बुडबुड आवाज येत होता.

"धुणारं माणूस असेल तर मोजा घाल," इरफान म्हणाला, "नसेल तर काढ. दोन्हीकडून टाकी चालते, गोकुळ. माझ्या दोन गिऱ्हाइकांकडे दोन तऱ्हा आहेत, दोन्ही टाक्या झकास आहेत. फक्त मोजा घालून त्याला विसरू नका."

"पण मोज्याशिवाय पाणी धुरकट दिसतं रे. आमचे साहेब यायचेत बघायला."

"मग धू," इरफान म्हणाला.

गोकुळ 'बघतो' म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. मोजे राहिले. ते कोण धुणार याचं उत्तर ठरलं नाही, म्हणजे ठरलंच.

स्वयंपाकघरात सिंधुबाई सुप्रियाजवळ गेली. "तू जा गं. मोजं मी धुईन."

"आत्या, वास येतो त्याला."

"म्हशीच्या शेणामुतात जल्म गेला माझा. मला कसला वास सांगतीस?"

"आणि गुडघे?"

"गुडघं माझं मी बघीन. तू जा."

सुप्रियाने खाली वाकून सासूचे पाय धरले. सणवार नसताना पाया पडणारी सून सिंधुबाईने पाहिली नव्हती. तिने गडबडून तिला उठवलं. "ऊठ, ऊठ. पोळी करपतीय."

मग चांगले दिवस आले. सकाळी सुप्रिया स्कूटीवरून इंदापूरला जायची आणि दिवेलागणीच्या आत परतायची. आल्यावर स्वयंपाक करता करता दिवसभराचं सांगायची. सिंधुबाई गॅसजवळ पाट टाकून बसायची आणि ऐकायची.

"आज एकाच्या दुधात युरिया निघाला, आत्या."

"अगं बाई! कुणाच्या?"

"नाव सांगायचं नसतं."

"मी काय दवंडी देतीय का? शेळगावचा हाय का एवढं सांग."

"नाही सांगणार."

"म्हंजी हाय!"

आणि सुप्रिया पदर तोंडाला लावून हसायची. आपण स्वतः कुठं तरी जाऊन आलो असं सिंधुबाईला वाटायचं. दिवसा ती गोठ्यात पाइप घेऊन मोजे धुवायची, सुप्रियाने दाखवलं होतं अगदी तस्संच. कुणी विचारलं तर सांगायची, "सुनंचं काम करतीया. ती साहेब झालीय ना." त्यात टोमणा नव्हता. अभिमान होता.

ऊन तापलं. मोजे वाळून वाळून त्यांच्यावर पांढरट पापुद्रा धरू लागला. कापड कडक झालं, पाणी मारूनही सुटेना. एका दुपारी सिंधुबाई दगडावर मोजा आपटत बसली होती आणि झुंबरराव बागेतून जेवायला आले. त्यांनी मोजा हातात घेऊन नखाने खरवडला.

"क्षार हायेत हे. तोट्यांच्या तोंडाला बसत्यात तेच. पाण्यानं काय जातंय हे? ह्याला ॲसिड पायजे."

"सुप्रिया म्हणलीय, काय बी लावायचं न्हाय."

"सुप्रियाला ठिबकचं काय म्हाईत हाय? दर साली नळ्यांत ॲसिड सोडतो मी. त्याच पाण्यावर डाळिंब येतंय. मेलं का एखादं झाड?"

"झाडं न्हाईत ही. मासं हायेत."

"तुला काय कळतंय."

"फोन करून इचारू का तिला?" फोन सिंधुबाईच्या कमरेच्या पिशवीतच होता. एक बटण दाबलं की सुप्रियाला लागायचा, गोकुळने तसं करून दिलं होतं.

"आता सुनंला इचारून मी फिल्टर धुवायचा? ठेव त्यो फोन तिकडं."

तिने फोन ठेवला. बादली आण म्हणाले तशी बादली आणली. झुंबररावांनी मोटारीच्या खोलीतला ॲसिडचा कॅन काढला, तोंडाला उपरणं बांधलं आणि बादलीत ओतलं. सिंधुबाईला वासानेच ठसका लागला, ती लांब जाऊन उभी राहिली. मोजा बुडवताच फसफसून फेस आला. फेस बसला तेव्हा मोजा दुकानातून आणल्यासारखा पांढराशुभ्र होता.

"बघ!" झुंबरराव खूश झाले. "इतके दिवस नुसतं चोळत बसल्यात. शिकलेली माणसं!"

त्यांनी पाइपखाली तो दोनदा हिसळला. जाड कापडात जे मुरायचं ते मुरलंच होतं. गुडघ्यावर बसून त्यांनी स्वतः तो ओलाच्या ओला कपाटात चढवला, हात धुतले, जेवले, आणि बागेत निघून गेले.

दुपार उलटली. सिंधुबाई दिवाणखान्यात आली तेव्हा पाणी इतकं स्वच्छ दिसत होतं की पलीकडच्या भिंतीवरचा डाग दिसावा. इतकं नितळ ते आधी कधीच नव्हतं. तिला बरं वाटलं. क्षणभरच. मग दिसलं की डुलणारा प्रवाळ डुलत नव्हता. त्याचे लांब हात आत ओढले गेले होते आणि अंगावरून शेंबडासारखी तार सुटली होती. नारिंगी पट्ट्यांचे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. लाल कोळंबी आडवी पडून पाय झाडत होती.

सिंधुबाईने कपाट उघडून मोजा ओढून काढला आणि अंगणात फेकला. हात चुरचुरू लागला. त्याच हाताने तिने बटण दाबलं. "सुप्रिया, मासं वर आल्यात गं. तू ये." ॲसिडचं मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

सुप्रिया काम टाकून आली. तिचा फोन गेल्यावर इरफान बारामतीहून निघाला, मीठ कालवलेल्या पाण्याची पिंपं गाडीत घालून. गोकुळ त्याच्या पाठोपाठ. बागेतून झुंबररावही आले. तोवर मासे वर यायचे थांबले होते. इरफानने बाटलीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले, रंग बघितला, पुन्हा बघितला.

"हे पाणी आंबट झालंय. ॲसिड गेलंय ह्यात. मोजा कशात धुतला?"

इरफानने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग झुंबरराव पुढे झाले.

"हिनं धुतला. हिला काय कळतंय कुठल्या बादलीत काय हाय. ठिबकचं ॲसिड असंल त्यात. व्हय न्हवं गं?"

सिंधुबाईने नवऱ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत जरब नव्हती, ते घाबरले होते. एवढ्या वर्षांत तिने त्यांना मुलासमोर घाबरलेलं पाहिलं नव्हतं. आणि तिला वाटलं, अंगावर घेऊन टाकावं. आपण घेतलं म्हणजे सुनेवर येणार नाही. म्हातारीची चूक, कोण काय बोलणार?

"व्हय," ती म्हणाली. "माझ्याच हातनं झालं."

झुंबररावांनी श्वास सोडला. पुढचं वाक्य त्यांना आपोआप सुचलं. "बघ गोकुळ. ह्या वयात तुझ्या आयला असली कामं. घरात धडधाकट सून असताना."

गोकुळ सुप्रियाकडे वळला. "तू आईवर टाकून गेलीस हे?"

तेव्हा सिंधुबाईला कळलं आपण काय केलं ते. पण शब्द तोंडातून गेला होता.

सुप्रिया सासूसमोर येऊन उभी राहिली. "आत्या, तुम्ही धुतला? तुम्ही स्वतः?"

पुन्हा एक वाट होती. झुंबरराव उपरण्याने तोंड पुसत होते. इरफान मान खाली घालून नळी गुंडाळत होता.

"व्हय म्हणलं की," सिंधुबाई म्हणाली, आणि का कोण जाणे, तिचा आवाज चिडका निघाला.

सुप्रियाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी तिने स्कूटी बाहेर काढली नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. नोकरी सोड असं तिला कुणीच म्हणालं नाही. झुंबरराव आजही गावात हेच सांगतात, आणि ते खोटं नाही. गोकुळने मेलेले प्रवाळ बादलीत भरले. झुंबररावांनी ते डाळिंबाच्या बुडात पुरले, म्हणाले, वाया कशाला घालवायचं, खत होईल.

श्रावण सरताना टाकी पुन्हा भरली. इरफान नवे प्रवाळ घेऊन आला. या वेळी गोकुळने कपाटातले मोजे लावायचं कडं मुळासकट उखडून टाकलं.

"आता जाणकार लोक मोजे वापरत नाहीत, आबा. पाण्यात बारीक जीव असतात, तरंगणारं खाणं असतं. मोजा ते सगळं काढून घेतो. पाण्यात थोडी घाण असावीच."

"बराबर हाय," झुंबरराव म्हणाले. "आता पटलं. निसर्गात कुठं मोजा असतोय?"

सुप्रिया तिथेच फडक्याने काच पुसत होती. तिने काच पुसून संपवली.

सिंधुबाईने ती एकटी असताना गाठली. "आता मोजं न्हाईत. डेरीत परत इचार की."

"जागा भरली, आत्या."

"दुसरीकडं बघ. बारामतीला."

"ह्या नव्या प्रवाळांना हाताने खाऊ घालावं लागतं. रोज, वेळच्या वेळी. ते कोण करणार?"

"मी करीन."

सुप्रियाने तिच्याकडे नुसतं बघितलं.

गौरी-गणपतीत गोकुळचे साहेब घरच्यांना घेऊन दर्शनाला आले. दर्शन उरकून सगळे टाकीसमोर बसले. झुंबररावांना रंग चढला. "पहिल्या टायमाला फजिती झाली साहेब. आमच्या हिनं मोजं धुतलं ॲसिडात! मासं एकदम साफ!" माणसं हसली. साहेबांच्या बायकोने तोंडावर रुमाल धरला.

सिंधुबाई दारात फराळाची ताटली घेऊन उभी होती.

"मी न्हाय," ती म्हणाली. "ह्यांनी धुतलं. मी फोन करते म्हणत हुते, तर ठेव म्हणलं."

हसणं अर्धवट राहिलं. झुंबरराव टाकीकडे बघू लागले. गोकुळने पटकन साहेबांना नव्या दिव्यांबद्दल सांगायला घेतलं आणि दोन मिनिटांनी उठून आईच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"आई, पाहुण्यांसमोर हे काढायची काय गरज होती?"

"खरं सांगितलं."

"खरं मला त्याच दिवशी कळलं होतं. ॲसिडच्या वासाने तुला ठसका लागतो, तू त्या कॅनजवळ कधी गेली आहेस का? इरफानलाही कळलं होतं. झालं गेलं, आता सणात कशाला?"

तो बाहेर गेला. सिंधुबाईने सुनेकडे बघितलं. सुप्रिया कपांत चहा ओतत होती.

"तुला बी ठावं हुतं?"

"हो."

"मंग बोलली का न्हाईस?"

"मी बोलले असते तर सासऱ्यावर आळ घेणारी झाले असते. बोलायचं तुम्हाला होतं. मी विचारलं होतं तुम्हाला. दोनदा."

बाहेरून झुंबररावांची हाक आली. आवाज पुन्हा नेहमीसारखा मोकळा झाला होता. "अगं, चहा आणताय न्हवं?"

"दे इकडं, मी नेते," सिंधुबाई म्हणाली आणि तिने हात पुढे केले.

"राहू द्या," सुप्रिया ट्रे उचलत म्हणाली. "तुमच्या हातून सांडेल."